पोपटरावांची गोडीगुलाबी

डोळ्यांच्या दवाखान्यातून चंद्रभागाबाई दुसऱ्यांदा मोतीबिंदूसकट परत आल्या, तेव्हा अख्ख्या जिन्याला त्याचं कारण कळलं. कारण त्यांनीच ते प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं. "बीपी वर गेलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या दाबावर आम्ही डोळ्याला हात लावत नाही." एवढं सांगून झालं की त्या हनुवटीनं मागं खूण करायच्या. मागं पोपटराव रणपिसे पिशवी, पाण्याची बाटली आणि फाइल सांभाळत उभे. त्या हनुवटीत जे काही होतं, ते ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

पोपटरावांना ती हनुवटी लागली. खडकीच्या कारखान्यात उभी नोकरी केलेला माणूस, विश्रांतवाडीच्या विहाराच्या कार्यकारिणीवर दोनदा बिनविरोध निवडून आलेला, आणि आज चार मजल्यांवर त्याची ओळख काय, तर बायकोच्या बीपीचं कारण!

पण लागलं ते तेवढंच नव्हतं. सून मैत्रीला आठवा महिना लागला होता. चंद्रभागाबाईंनी होणाऱ्या नातवंडासाठी गोधडी शिवायला घेतली होती, आणि गोधडीतला धागा आता वाट चुकल्या वासरासारखा कुठंही जात होता. मैत्री बिचारी रोज "आई, मस्त झालीय" म्हणायची आणि सासूबाई झोपल्या की टाके उसवून ठेवायची. एकदा चंद्रभागाबाईंनी फोडणीत मोहरीऐवजी चहाची पावडर घातली. त्यावर घरात कुणी हसलं नाही. संध्याकाळी गॅलरीत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बाळाचं तोंड काय नुसतं हातानं चाचपून बघायचं का मी?" पोपटरावांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. नवरा म्हणून इतक्या वर्षांत हे एक कौशल्य त्यांनी कमावलं होतं. पण त्या दिवशी ते चाललं नाही. बाळ यायच्या आत हिचा डोळा झाला पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आळीतल्या डॉक्टर आम्रपालींनी गोळी बदलून दिली, मीठ कमी करा म्हणाल्या आणि सहज विचारलं, "आजी, घरात काही टेन्शन?"

पुन्हा हनुवटी.

अशा मनःस्थितीत पोपटराव ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानाला गेले. खरं तर तिथं ते चहासाठी जायचे. पण त्या दिवशी सौमित्र नावाचा एक तरुण संशोधक आला होता आणि विषय होता 'नाती, आरोग्य आणि पेशींचं वय'. सौमित्रनं पडद्यावर एक चित्र दाखवलं. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रं असतात, त्यांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात, पेशी विभागत जाते तशी ही टोकं झिजत जातात. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिक असतं ना, तसंच. पोपटराव जन्मभर सँडल वापरत आलेले, पण त्यांना कळलं. ढोलकीच्या दोरीचं टोक सुतानं करकचून बांधलं नाही, तर दोरी पिंजत जाते, हे तरुणपणी गायन पार्टीत ढोलकी वाजवलेल्या त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्या आत अशा अगणित ढोलक्या आहेत आणि त्यांच्या दोऱ्या पिंजताहेत, या विचारानं ते चहा प्यायचे विसरले.

"नवरा-बायको कडवटपणे भांडत असतील, तर हातावरची साधी जखमसुद्धा उशिरा भरते, असं एका अभ्यासात दिसलंय," सौमित्र म्हणाला. "नात्यातल्या ताणाचा या टोकांशी काय संबंध आहे, यावर अजून बरंच काम चालू आहे."

पोपटरावांनी हात वर केला. "मला एक सांगा, पेशी असते आत. भांडण होतं स्वयंपाकघरात. मग पेशीला कळवतं कोण?"

सौमित्र खूश झाला. "छान प्रश्न काका! आपण चिडलो की शरीरात काही रसायनं सुटतात. ती रक्तातून सगळीकडे फिरतात. बातमी पोचते."

"म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच."

वरच्या मजल्यावरचे बापूराव शेजारीच बसले होते. निवृत्त हेडमास्तर, विधुर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण कापलो गेलोय हे घरी गेल्यावर कळावं. त्यांनी विचारलं, "लग्न झालंय का रे तुझं?"

"नाही काका, अजून नाही."

"मग बोल. बिनधास्त बोल."

सभा हसली, पण पोपटराव हसले नाहीत. त्यांना आपल्या घराचा अख्खा इतिहास एका झटक्यात उलगडला. आपण रोज सकाळी चहावरून, दुपारी पंख्यावरून आणि संध्याकाळी मेव्हण्यावरून जे भांडतो, त्याची बातमी रक्तावाटे हिच्या डोळ्यापर्यंत जाते. वाटेत दाब वाढतो. दाब वाढला की डॉक्टर हात वर करतात. इतकं सोपं होतं! उपायही तितकाच सोपा. भांडण बंद. आजपासून हिच्या एकाही शब्दाला विरोध नाही. पण हे तिला सांगायचं मात्र नाही, कारण सांगितलं तर त्यावरूनही भांडण झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागाबाईंनी चहा पुढं ठेवला. साखर नव्हती. रोज त्यावर पोपटरावांचं एक ठरलेलं वाक्य असायचं आणि त्यावर त्यांचं एक ठरलेलं उत्तर, आणि त्या दोन वाक्यांच्या चकमकीवर घराचा दिवस पेटायचा. पोपटराव घोट घेऊन म्हणाले, "वा! अमृत."

चंद्रभागाबाई ओट्यापाशी थांबल्या. "काय म्हणालात?"

"अमृत म्हणालो."

"साखर नाहीय त्यात."

"नसू दे की. तुझ्या हातचा आहे ना."

चंद्रभागाबाईंनी गॅस बारीक केला, बाहेर आल्या आणि धूसर डोळ्यांनी खोलीभर बघितलं. टीव्ही जागेवर होता. कपाटाची काचही शाबूत होती. मग मोरीत जाऊन नळ तपासून आल्या. "काय फोडलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही गं."

हे 'गं' इतकं मऊ होतं की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

पोपटरावांनी बापूरावांकडून बीपीचं यंत्र मागून आणलं होतं. संध्याकाळी पट्टा बांधून पाहिलं, तर आकडा कालच्यापेक्षा वर. पहिलाच दिवस आहे, औषध अजून रक्तात भिनायचंय, असं म्हणून त्यांनी मात्रा वाढवली. गवारीच्या भाजीची स्तुती केली. पंखा तिनं बंद केला तर बंद, लावला तर लावलेला. चौकातून मोगऱ्याचा गजरा आणला. गजरा बघून चंद्रभागाबाईंनी आधी कॅलेंडरवर लग्नाचा वाढदिवस आहे का ते मैत्रीकडून वाचून घेतलं, मग लेक राकेशला खराडीच्या ऑफिसात फोन लावला. "तुझे पप्पा गजरा घेऊन आलेत. तू जरा लवकर ये."

"आई, मीटिंगमध्ये आहे. सो स्वीट ना, मग प्रॉब्लेम काय आहे?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे!"

आकडा आणखी वर गेला.

पोपटराव यंत्र परत करायला गेले तेव्हा बापूराव म्हणाले, "शब्दांनी काय होतंय! स्पर्श पाहिजे. हात धरायचा. मी पेपरात वाचलंय, हात धरला की दाब उतरतो."

"या वयात?"

"मग काय पुढच्या वयाची वाट बघताय?" बापूरावांनी यंत्र कपाटात ठेवलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "आमच्या घरी हल्ली कुणीच भांडत नाही. माझ्या पेशी किती सुखात असतील बघा."

पोपटरावांनी यंत्र पुन्हा मागितलं. ते यंत्र परत घेऊनच खाली आले.

त्याच संध्याकाळी आळंदी रोड ओलांडताना त्यांनी बायकोचा हात धरला. आजवर रस्ता ओलांडायची या घरची पद्धत अशी, की पोपटराव पुढं जायचे आणि पलीकडून ओरडायचे, "ये ना, काय बघत बसलीस!" आणि चंद्रभागाबाई अलीकडून ओरडायच्या, "गाडी दिसत नाही का?" या आरोळ्यांनी अर्धी वाहनं आपोआप थांबायची. आज मुकाट्यानं हातात हात आला. चंद्रभागाबाईंनी तो घट्ट पकडला, डिव्हायडरपाशी नवऱ्याला बसवलं, आणि भर रहदारीत रिक्षा थांबवली. "भाऊ, लवकर घ्या. यांना चक्कर येतेय."

"मला काही येत नाहीय."

"गप्प बसा. बोलू नका. श्वास घ्या."

पोपटरावांना वाद घालायचा नव्हता. त्यामुळं ते गप्प बसले, श्वास घेतला आणि रिक्षात झोपवल्यासारखे झोपले. डॉक्टर आम्रपालींनी कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. चंद्रभागाबाईंनी तो हातात घेतला. त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं, पण त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, त्यांनी तुला सांगू नको म्हणून सांगितलंय का?"

"नाही हो आजी, खरंच नॉर्मल आहे."

"बरं. नको सांगूस," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

पुढचा आठवडा पोपटरावांच्या आयुष्यातला सर्वांत अपमानास्पद आठवडा ठरला. खालच्या मजल्यावरच्या वेणूबाई सफरचंदं घेऊन आल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीनं पाण्याच्या टाकीची जबाबदारी त्यांना न विचारता दुसऱ्याला दिली, वर "तुम्ही आता आराम करा" म्हणाला. विहारातून भंतेजींना बोलावून चंद्रभागाबाईंनी घरी, संकट टळावं म्हणून म्हणतात तो परित्राणपाठ ठेवला. पांढरं सूत सगळ्यांच्या हातातून फिरलं, आणि जो तो पोपटरावांच्या मनगटाला गाठ मारताना जरा जास्तच वेळ हात धरून ठेवत होता. खीर वाढताना त्यांना दोनदा वाढली गेली. पोपटरावांनी ती खाल्ली, कारण नको म्हणणं हाही विरोधच.

आणि मग लोणी काळभोरहून मेव्हणा आला. ज्ञानदेव.

ज्ञानदेवाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या घराचा पायाच त्याच्या हार्मोनियमच्या पेटीवर उभा आहे. पूर्वी जयंतीला गायन पार्ट्यांचे सामने व्हायचे. एका बाजूला विश्रांतवाडीची पार्टी, ढोलकीवर पोपट. दुसरीकडे लोणीची पार्टी, पेटीवर ज्ञानदेव, आणि मागं कोरसमधून पुढं आलेली त्याची बहीण चंद्रभागा. आधी भीमगीतं झाली, मग सामना रंगला आणि थट्टेचे सवाल सुटू लागले. चंद्रभागेनं पदर खोचला आणि ढोलकीवाल्याकडं हात करून सवाल टाकला:

सवाल माझा ऐका पाहुणं, आलात कुठल्या गावाहून?
ढोलकी तुमची खणखण वाजे, अक्कल आली का राहून?

मंडप फुटेस्तोवर हसला. ढोलकीवाल्यानं गायचं नसतं. पण पोपटानं थाप थांबवली आणि उभ्या उभ्या जवाब दिला:

अक्कल आणली गाठीस बांधून, सोडू कुणाच्या दारात?
दार दाखवा तुमचेच बाई, मग येतो मी घरात!

ज्ञानदेव पेटी सोडून मारायला धावला होता. पुढं लग्न झालं, राकेश झाला, केस पांढरे झाले, पण तो सामना काही मिटला नाही. फक्त मंडपातून स्वयंपाकघरात आला.

तर तो ज्ञानदेव आता सोफ्यावर पोपटरावांच्या अगदी जवळ सरकून बसला. सोबत उसाची मोळी आणि कोथिंबिरीच्या जुड्या. "दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगा. किती दिस हायेत?"

"कशाचे?"

"आता माझ्यापासनं काय लपवता? आक्का रातभर रडतीया फोनवर. मी काय परका हाय का?"

एरवी या प्रश्नाला पोपटरावांकडं खणखणीत उत्तर होतं. पण स्वयंपाकघराच्या दारात चंद्रभागाबाई उभ्या होत्या. पोपटराव जे वाक्य संसारात कधी बोलले नव्हते ते बोलले. "ज्ञानदेव, तू फार मोठ्या मनाचा माणूस आहेस."

दारातून ताटली पडल्याचा आवाज आला. संध्याकाळी यंत्रावरचा आकडा बघून पोपटरावांनी यंत्रच उलटं करून ठेवलं.

इकडं ऑपरेशनची तिसरी तारीख जवळ आली. ती मिळवायलाही एक छोटं युद्ध झालं होतं. मागच्या फिटनेस सर्टिफिकेटची मुदत संपली होती, म्हणून विम्याची मंजुरी रद्द झाली होती. नवी मंजुरी मिळेना, कारण तारीख नव्हती. आणि तारीख मिळेना, कारण मंजुरी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं पोपटरावांना शांतपणे सांगितलं, "काका, आता हे शेवटचं. या वेळी परत गेलात तर तीन महिने थांबावं लागेल." तीन महिने म्हणजे बाळ येऊन, हसायला लागून, आजीकडं बघायलासुद्धा लागलं असतं. आणि आजी?

त्या सकाळी दवाखान्यात चंद्रभागाबाई हिरवा गाऊन आणि टोपी घालून पलंगावर बसल्या. सिस्टरनं पट्टा बांधला, आकडा बघितला, मान हलवली. "अजून वरच आहे. दहा मिनिटं शांत बसा आजी. नाही उतरलं तर सर आज घेणार नाहीत."

पडदा ओढून ती गेली. पोपटरावांनी लगेच हात हातात घेतला. "चंद्रा, तू काळजी करू नको. तू म्हणशील तसं करू. तुझंच बरोबर आहे."

"काय माझंच बरोबर आहे?"

"सगळंच."

चंद्रभागाबाईंनी हात सोडवून घेतला. "आता पुरे झालं. डोळा गेला तर गेला. मला खरं सांगा, तुम्हाला काय झालंय? काळजाचं आहे का पोटाचं?"

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"मग भांडत का नाही माझ्याशी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पोपटरावांनी सगळं सांगितलं. व्याख्यान, सौमित्र, झिजणारी टोकं, रक्तातून जाणारी बातमी, गजरा, रस्त्यातला हात. सांगताना त्यांनाच ते पोरकट वाटू लागलं. "तुझा दाब उतरावा म्हणून गं. तुला बाळ दिसावं म्हणून."

चंद्रभागाबाईंनी टोपी कपाळावरून मागं सारली. मग म्हणाल्या, "सामन्यात समोरची पार्टी जवाब देईनाशी झाली, तर त्याचा अर्थ काय असतो?"

पोपटराव मांडीवरची फाइल नीट करू लागले.

"ती पेटी आवरायला लागलेली असते. निघालेली असते. मी रोज सकाळी चहात साखर न घालता सवाल टाकायची, आणि तुम्ही म्हणायचे, अमृत! मला वाटलं, हा माणूस चालला. मला न सांगता चालला." त्यांचा आवाज चिरकला आणि मग एकदम चढला. "आणि त्या ज्ञानदेवाला मोठ्या मनाचा म्हणालात! लाज नाही वाटली खोटं बोलायला?"

"का, आता नाही का तो मोठ्या मनाचा? तुझाच भाऊ!"

"माझा भाऊ आहे म्हणून काय झालं? राकेशच्या लग्नात पेटी वाजवायला बसला तो उठला का तीन तास? नवरीला हार घालायला जागा नव्हती!"

"हे मी म्हणत होतो तेव्हा तू माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हतीस!"

"तुम्ही म्हणायचं नव्हतं! माझ्या भावाबद्दल मी म्हणेन!"

"वा गं वा! म्हणजे बोलायचं तू, आणि ऐकायचं मी?"

"मग लग्न कशाला केलंत?"

पलीकडच्या पलंगावरचे एक आजोबा डोळ्यात थेंब घातलेल्या अवस्थेत आवाजाच्या दिशेनं वळून बसले. सिस्टर पडदा बाजूला करून धावत आली. "अहो काका, पेशंटला चिडवताय काय! तुम्ही बाहेर व्हा." तिनं घाईघाईनं पट्टा बांधला. चंद्रभागाबाईंचं बोलणं चालूच होतं. सिस्टरनं आकडा बघितला, पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला, पुन्हा बघितला.

"उतरलाय," ती म्हणाली. "सकाळची गोळी आत्ता लागू झाली वाटतं."

गोळी होती की आणखी काही, हा प्रश्न पोपटरावांना पुढं कितीतरी दिवस पुरला. सौमित्रला फोन करून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, एका जोडप्यावरून निष्कर्ष काढता येत नाही." त्यावर बापूराव म्हणाले, "एकच जोडपं आहे ते बरं आहे. दोन असती तर सोसायटी सोडली असती." पण हे नंतरचं. त्या क्षणी सिस्टर म्हणाली, "चला आजी, पटकन," आणि चंद्रभागाबाई तिच्या हाताला धरून निघाल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, "माझं बोलणं संपलेलं नाही."

"माझंही नाही!" पोपटराव ओरडले. पहारेकऱ्यानं त्यांना शांतता राखण्याची पाटी दाखवली.

दार मिटलं. पोपटराव बाकावर बसले. तोंडात एक चांगलं, धारदार उत्तर तयार होतं आणि ते घ्यायला समोर कुणी नव्हतं. दोन दिवस भुकेलेल्या माणसाच्या पुढ्यात ताट यावं आणि जेवायचं राहावं, तसं झालं. बापूरावांच्या घरात रोज असंच असणार, हे त्यांच्या मनात आलं आणि ते उठून दारापर्यंत गेले, काचेतून काही दिसतंय का ते बघितलं, परत आले, पुन्हा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मैत्री आणि राकेशही आले होते. डॉक्टरांनी कापूस बाजूला केला, कडा पुसल्या आणि म्हणाले, "आजी, हळूहळू उघडा. घाई नाही."

चंद्रभागाबाईंनी डोळा उघडला. आधी खिडकी बघितली. मग मैत्रीचं पोट बघितलं आणि हसल्या. मग त्यांची नजर पोपटरावांवर आली आणि तिथंच थांबली. खूप वेळ थांबली. एखादं गाव पुष्कळ वर्षांनी एसटीतून उतरून बघावं, तशा त्या तो चेहरा बघत होत्या. कपाळावरून डोळ्यांकडं, डोळ्यांवरून गालांच्या खळग्यांकडं, गल्लीबोळांतून, सावकाश.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "किती म्हातारे झालात हो! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

सगळे हसले. पोपटराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी काही म्हणण्याआधीच चंद्रभागाबाईंनी हात लांब केला आणि त्यांच्या हनुवटीखाली बोट फिरवलं.

"इथं दाढी राहिलीय. रोजच राहते का?"

"रोज राहते."

"आणि मग मला दिसत नव्हतं तेव्हा सांगायचं नाही?"

"तुला सांगून काय, तू करणार होतीस?"

"का नाही करणार?" त्या म्हणाल्या. बोट तिथंच होतं. "घरी चला. आधी दाढी, मग भांडू."